उन्हानं आधीच केलेलं काम

सुकवलेला टोमॅटो तळहातावर घेऊन एकदा नीट पाहावा. कडा आत वळलेल्या, रंग लालाकडून विटकरीकडे झुकलेला, मधोमध फिकट बिया गराला चिकटून बसलेल्या. सुरकुत्यांच्या खाचांत मिठाचे बारीक कण दिसतात. नाकाशी नेला तर ताज्या टोमॅटोच्या देठाशी असतो तो हिरवट वास कुठेच नसतो. सुक्या फळांचा गोडसर दरवळ येतो आणि त्याच्या मागोमाग आंबटपणा. दाताखाली घेतला की आधी चिवट लागतो, मग खारट, मग आंबट आणि सगळ्यात शेवटी गोड. हा शेवटचा गोडवा बराच वेळ जिभेवर राहतो. घरी माणसं जमणार असली की मी जे डिप करते, म्हणजे पावाचे किंवा भाज्यांचे तुकडे बुडवून खायचं घट्ट मिश्रण, त्याचा सगळा जीव या वाळक्या तुकड्यात आहे. बाकीचं साहित्य त्याला सांभाळून घेण्यापुरतं.

हा तुकडा असा झाला कसा ते सांगायला हवं, कारण या डिपचं सोपेपण तिथूनच येतं. ताज्या टोमॅटोत 94-95 टक्के पाणी असतं. ते जवळजवळ सगळं काढून टाकायचं म्हणजे काय, हे आकड्यांत पाहिलं की थक्क व्हायला होतं: 1 किलो सुके टोमॅटो मिळवायला 8 ते 14 किलो ताजे टोमॅटो लागतात. गर भरपूर आणि बिया कमी अशी लांबट जात असेल तर कमी लागतात, रसाळ असेल तर जास्त. टोमॅटो उभे अर्धे चिरायचे, कापलेली बाजू वर करून पसरायचे, वरून मीठ भुरभुरायचं आणि कडक उन्हात ठेवायचे. ऊन कसं आहे त्यावर 4 ते 10 दिवस जातात. मीठ इथे चवीपुरतं नसतं. ते आतलं पाणी बाहेर ओढतं आणि बुरशीला लांब ठेवतं. रात्री दव पडायच्या आत सगळं झाकायचं, सकाळी पुन्हा उघडायचं, मधूनमधून हात फिरवायचा, माश्यांपासून जपायचं. ढग आले की जीव टांगणीला. मोठ्या प्रमाणावर सुकवणारे कधी मिठाऐवजी, कधी मिठाच्या जोडीला सल्फर डायऑक्साइड वापरतात. त्यानं लाल रंग तजेलदार राहतो. पाकिटातले तुकडे फारच उजळ लाल दिसले तर कारण बहुधा हेच असतं.

टोमॅटो मुळात अमेरिका खंडातला. युरोपात तो सोळाव्या शतकात पोहोचला. इटलीत पिसा इथे कोसिमो दे मेदिची या ड्यूकच्या घरी टोमॅटोची टोपली आल्याचा उल्लेख 31 ऑक्टोबर 1548 च्या एका पत्रात आहे. नंतर बराच काळ हे फळ खायचं की बागेत नुसतं शोभेला लावायचं, याबद्दल लोकांचं एकमत होत नव्हतं. पण एकदा खायला लागल्यावर दक्षिण इटलीतल्या लोकांनी त्याला असं काही आपलंसं केलं की उन्हाळ्यातलं पीक हिवाळ्यात खाता यावं म्हणून पुल्या, कालाब्रिया, सिसिली या भागांत घराघरांतून टोमॅटो वाळू लागले. सिसिलीत तर टोमॅटोचा गाळलेला रस लाकडी फळ्यांवर पसरून, हातानं पुन्हा पुन्हा फिरवत, उन्हातच आटवून त्याचा घट्ट काळपट लाल गोळा करतात. त्याला तिथे ‘स्त्रात्तू’ म्हणतात. आज बाजारात मिळणाऱ्या सुक्या टोमॅटोंपैकी बरेचसे तुर्कस्तानातून आलेले असतात. देश कुठलाही असो, वाळवणाऱ्या माणसाची पाठ उन्हात वाकलेली असतेच.

म्हणून कुणी या डिपला दहा मिनिटांचं काम म्हणालं की मला ते पटतं, आणि त्याच वेळी त्या आधीच्या आठवड्याची आठवण होते. चिरणं, पसरणं, राखणं, वाट पाहणं हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात येण्याआधी झालेलं असतं. मला फक्त शेवटची दहा मिनिटं करायची असतात. त्या दहा मिनिटांत घाई करून ते काम वाया घालवू नये एवढंच मी पाहते.

चवीचं म्हणाल तर त्याची कारणं स्पष्ट आहेत. 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी कोंबू या समुद्रातल्या शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला उमामी हे नाव दिलं. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पंक्तीत न बसणारी, तोंड भरून टाकणारी ती चव. पिकलेल्या टोमॅटोत हे ग्लुटामेट चांगलंच असतं, आणि बाहेरच्या गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात जास्त असतं. बिया खरवडून काढून मग टोमॅटो वाळवणाऱ्यांशी माझं इथेच जमत नाही. दिसायला तुकडा नीटस होतो, पण चवीचा मोठा वाटा कचऱ्यात जातो. पाणी उडून गेल्यावर साखर, आम्ल, ग्लुटामेट सगळं जागच्या जागी राहतं आणि एवढ्याशा तुकड्यात दाटीवाटीनं बसतं. वर मीठ आहेच.

इतकी दाट चव नुसती खायला जड जाते. दोन तुकडे खाल्ले की पुरे होतं. तिला मोकळं करायला स्निग्ध काहीतरी लागतं. टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं, आणि स्निग्ध पदार्थाबरोबर खाल्लं तर शरीरालाही ते जास्त मिळतं. डिप करताना हे डोळ्यांना दिसतं. कालवल्या कालवल्या चीज-दह्याच्या पांढऱ्यावर लाल ठिपके असतात. काही तासांनी प्रत्येक ठिपक्याभोवती नारिंगी वलय उमटलेलं असतं, आणि सकाळपर्यंत सगळ्या डिपलाच फिकट शेंदरी छटा येते. मी तेव्हा फ्रिज उघडून मुद्दाम पाहते. चव उतरली की नाही हे चाखण्याआधी रंगावरून कळतं.

डिप म्हणून जे आपण आज ओळखतो, ते फार जुनं नाही. बुडवून खाणं माणूस फार पूर्वीपासून करत आला आहे, पण पाहुण्यांसमोर मध्यभागी एक वाडगा, भोवती बुडवायच्या वस्तू आणि कालवण्यापलीकडे काहीच न केलेलं मिश्रण, ही पद्धत रुळली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. 1954 च्या सुमाराला लॉस एंजेलिसमध्ये कुणीतरी कांद्याच्या सूपची कोरडी पूड आंबट क्रीममध्ये कालवली. कुणी कालवली त्याचं नाव कुठेही राहिलेलं नाही. शेजारणीकडून शेजारणीकडे जात ती कृती इतकी पसरली की सूप विकणाऱ्या लिप्टन कंपनीनं काही वर्षांत ती आपल्या पाकिटावरच छापली. सुका टोमॅटो या वाडग्यात आला तो पुढे, 1980 च्या दशकात, जेव्हा अमेरिकेत त्याची मोठी लाट होती. पास्ता, सॅलड, पाव, जिथे तिथे तो पडायचा. नंतर ती लाट ओसरली आणि खाण्याबद्दल लिहिणारे त्याला शिळी फॅशन म्हणू लागले. मला वाटतं, लाट ओसरली ते या टोमॅटोच्या भल्याचंच झालं. आता तो तिथेच पडतो जिथे त्याचं खरंच काम असतं.

आता कृती. आठ-दहा माणसांसाठी, बरोबर आणखीही काही खायला असेल असं धरून, मी 225 ग्रॅम क्रीम चीज घेते आणि त्याच्या साधारण निम्मं घट्ट दही. दही फडक्यात बांधून दोन-तीन तास टांगून ठेवलेलं असावं. नुसत्या क्रीम चीजचं डिप जिभेवर थर धरतं. दह्यामुळे ते हलकं होतं आणि एक ताजा आंबटपणा येतो, जो सुक्या टोमॅटोच्या मुरलेल्या आंबटपणाहून वेगळा असतो. टोमॅटो निथळून मूठभर, वजनात म्हणाल तर 80-90 ग्रॅम. लसणाची एकच पाकळी, तीही लहान. अर्ध्या लिंबाचा रस, ताजी भरडलेली मिरी, बेझिलची आठ-दहा पानं. मीठ या यादीत मी घातलेलं नाही. त्याचं पुढे सांगते.

टोमॅटो दोन प्रकारे मिळतात, तेलात बुडवलेले आणि कोरडे. तेलातले मऊ असतात, लगेच वापरता येतात आणि ते तेलही कामाचं असतं. कोरडे स्वस्त पडतात, टिकतात, पण त्यांना आधी भिजवावं लागतं. कडकडीत गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. बोटांनी दाबल्यावर तुकडा वाकला पाहिजे, तुटला नाही पाहिजे, आणि लगदाही झाला नाही पाहिजे. मग चाळणीत निथळायचे आणि मुठीत धरून घट्ट पिळायचे. ही पिळण्याची पायरी अनेकजण सोडतात आणि मग डिप रात्रीतून पाणी सोडतं, वर पिवळसर तळं साचतं. भिजवलेलं पाणी टाकू नये. त्यात चव उतरलेली असते. ते खारट असतं हे लक्षात ठेवून सूपमध्ये किंवा रश्शात घालावं. तेलातले टोमॅटो घेतले तर तेही निथळायचे, पण बरणीतलं चमचाभर तेल वाटीत बाजूला काढून ठेवायचं.

लसणाचं थोडं सविस्तर सांगते, कारण हे डिप बिघडतं ते बहुतेक वेळा लसणानं. पाकळी अख्खी असते तोवर तिला फारसा वास नसतो. ठेचली की आतल्या पेशी फुटतात, एक एन्झाइम कामाला लागतं आणि त्यातून ॲलिसिन तयार होतं. नाकात जातो तो झणका त्याचाच. कच्चा ठेचलेला लसूण डिपमध्ये रात्रभर राहिला तर सकाळी बाकी कुठलीच चव वर येऊ देत नाही. पण आंबटात ते एन्झाइम मंदावतं. म्हणून मी आधी वाडग्यात लिंबाचा रस पिळते आणि लसूण थेट त्या रसातच किसते, म्हणजे पेशी फुटताक्षणी त्यांना आम्ल भेटतं. पाच मिनिटं तसंच ठेवायचं. लसणाची चव राहते, जाळ जातो. ज्यांना कच्चा लसूण अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी पाकळी सालीसकट मंद आचेवर मऊ होईपर्यंत भाजून घ्यावी.

मग टोमॅटो चिरायचे. मिक्सरमधून एकदम सगळं फिरवलं तर वेळ वाचतो, हे खरं. पण तसं केलेलं डिप एकसारखं गुळगुळीत होतं. पहिल्या घासात जे कळतं तेच शेवटच्या घासात. मी निम्मे टोमॅटो सुरीनं अगदी बारीक, जवळजवळ वाटल्यासारखे करते आणि निम्मे मसुराच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे ठेवते. बारीक केलेले चव सगळीकडे नेतात. मोठे तुकडे दाताखाली येतात आणि खाणाऱ्याला अधूनमधून तो मूळ टोमॅटो भेटतो. सुका टोमॅटो चिरताना सुरीला चिकटतो, म्हणून पात्याला बरणीतलं तेल पुसटसं लावून घ्यावं.

क्रीम चीज तासभर आधी फ्रिजबाहेर काढलेलं असावं. गार चीज कालवलं तर गुठळ्या राहतात, आणि त्या नंतर कितीही घोटलं तरी मोडत नाहीत. आधी नुसतं चीज चमच्याच्या पाठीनं दाबून मऊ करायचं, मग थोडं थोडं दही, मग लसूण किसलेला लिंबाचा रस, मिरी, आणि शेवटी टोमॅटो. बाजूला काढलेलं तेल इथे घालायचं. ते पांढऱ्यावर पडतं तेव्हा लाल रेघा उमटतात. चार-पाच वेळा ढवळलं की त्या फिकट होत मिसळतात. इथे थांबायचं. बेझिल आत्ता घालायचं नाही, चिरलेली पानं रात्रीत काळी पडतात. ती ऐनवेळी हातानं फाडून वर टाकायची.

मिठाची गोष्ट अशी की टोमॅटोतलं मीठ बाहेर यायला वेळ लागतो. कालवल्यावर लगेच चाखलं तर डिप अळणी लागतं आणि हात मिठाकडे जातोच. पण झाकून फ्रिजमध्ये निदान दोन तास, जमल्यास रात्रभर ठेवलं की तेच डिप बेताचं खारट झालेलं असतं. तेव्हा चाखायचं, तेव्हाच काय ते मीठ घालायचं. बहुतेक वेळा लागतच नाही. आणखी एक, फ्रिजमधून काढल्याबरोबर वाढू नये. गारव्यानं जीभ बधिर असते, चरबी घट्ट असते, वास बंद असतो. वीस मिनिटं बाहेर राहिलं की डिप स्वतःहून मऊ होतं आणि वास मोकळा होतो. इतकं करून घट्ट वाटलं तर चमचाभर दही.

बस, झालं. शेगडी पेटवलेली नाही, तळलेलं नाही, आणि माणसं यायच्या आदल्या रात्री सगळं संपलेलं आहे. माझ्या लेखी या पदार्थाचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे.

मी लहान असताना घरी माणसं जमली की आई स्वयंपाकघरात असायची. बाहेर हसणं फुटलं की ती आतून विचारायची, “काय झालं गं?” आणि आम्ही पळत जाऊन अर्धवट काहीतरी सांगायचो. विनोद सांगेपर्यंत त्याचा जीव गेलेला असायचा. ती तरीही हसायची आणि पुढचा घाणा काढायची. मधेच पदराला हात पुसत दारात यायची, सगळ्यांच्या ताटांवर नजर टाकायची, “पुरेसं आहे ना?” एवढं विचारायची आणि परत आत. गरम गरम वाढायचं म्हणजे कुणीतरी आत उभं राहणं आलंच, आणि ते कुणीतरी ठरलेलं होतं. तिच्या हातचं खाऊन लोक तृप्त होऊन जायचे, तिलाही त्याचा आनंद होता. पण ती मैफल तिनं भिंतीपलीकडून ऐकली, हे मला मोठं होईपर्यंत कळलं नाही, आणि कळल्यावर ते मनातून गेलं नाही.

आता माणसं माझ्याकडे जमतात. आदल्या संध्याकाळी आई टेबलाशी खुर्चीत बसून टोमॅटो चिरून देते. तिला घाई करायची नसते आणि मलाही. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आधीच ती वाडग्याजवळची खुर्ची धरते. मागच्या खेपेला माझ्या मैत्रिणीच्या मुलीनं पावाचा तुकडा बुडवून तोंडात टाकला, डोळे मोठे केले आणि विचारलं, “आजी, यात काय घातलंय?” आई म्हणाली, “टोमॅटो. पण उन्हात वाळलेला. आणि सगळे बारीक करायचे नाहीत गं, काही थोडे जाडे ठेवायचे.” मग तिनं त्या मुलीला वाडग्यातला एक जाडसर तुकडा चमच्यानं बाजूला काढून दाखवला. पुढचा अर्धा तास त्या दोघी बोलत होत्या. खाण्यावरून सुरू झालेलं बोलणं त्या मुलीच्या वसतिगृहावर, तिथल्या एका त्रासदायक खोलीसोबतिणीवर आणि आईनं आपल्या तरुणपणी अशाच एका बाईशी कसं जमवून घेतलं त्यावर गेलं. ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. मी तिथे बसले होते म्हणून ऐकली.

वाडगा मध्ये ठेवला की माणसं त्याच्याभोवती येतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहते. ताटात वाढून दिलं की प्रत्येकजण आपलं ताट घेऊन आपल्या कोपऱ्यात जातो. एकाच वाडग्यातून घ्यायचं म्हटलं की हात पुढे येतात, “तुम्ही घ्या आधी” होतं, आणि ओळख नसलेल्या दोघांना बोलायला निमित्त मिळतं. बुजऱ्या माणसाला हातांचं काय करावं हा प्रश्न असतो. त्याला गाजराची एक कांडी पुष्कळ आधार देते. एक मोठा वाडगा ठेवण्यापेक्षा दोन लहान, खोलीच्या दोन टोकांना ठेवावेत. मोठ्या वाडग्याशी जे आधी येतात ते तिथेच ठिय्या देतात आणि मागचे संकोचानं येत नाहीत. दोन असले की माणसं या टोकाकडून त्या टोकाकडे फिरतात, आणि फिरताना वाटेत भेटतात.

बरोबर काय ठेवायचं यावर फार डोकं लढवू नये. डिप खारट-आंबट आहे, तेव्हा सोबत साधी हवी: भाजलेल्या पावाचे तुकडे, बिनमसाल्याची बिस्किटं, काकडी, गाजर, ढोबळी मिरची, कोवळी सेलरी. चवीचे चिप्स ठेवले तर दोन्हींचं मीठ एकमेकांवर चढतं. पावाचे तुकडे एका घासाएवढेच करावेत. त्यामागे कारण आहे. चावलेला तुकडा पुन्हा बुडवल्यानं तोंडातले जिवाणू डिपमध्ये जातात, हे अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठातल्या प्रयोगांतून दिसलेलं आहे. पातळ डिपमध्ये ते जास्त जातात, कारण पातळ मिश्रण चावलेल्या तुकड्यावरून परत वाडग्यात ओघळतं. पाहुण्यांना सूचना देत बसणं मला आवडत नाही. तुकडा लहान असला की प्रश्नच उरत नाही. शिवाय वाडग्यात एक चमचा आणि बाजूला लहान बशा ठेवल्या की ज्यांना आपल्यापुरतं वेगळं घ्यायचंय ते न विचारता घेतात.

दुधाचा पदार्थ आहे, त्यामुळे वेळेचं भान ठेवावंच लागतं. 4 ते 60 अंश सेल्सियस या तापमानात जिवाणू झपाट्यानं वाढतात. म्हणून असे पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. माणसं रमलेली असतात तेव्हा दोन तास कसे जातात कळत नाही. म्हणून मी निम्मंच डिप बाहेर मांडते, निम्मं फ्रिजमध्ये. पहिला वाडगा रिकामा झाला की तो उचलून दुसरा ठेवायचा. अर्धवट संपलेल्यावर ताजं ओतायचं नाही.

तेल आणि लसूण या जोडीबद्दलही इथेच सांगते. घरी टोमॅटो वाळवून, लसणाच्या पाकळ्यांसकट तेलात बुडवून बरणी ओट्यावर मांडून ठेवायचा मोह अनेकांना होतो, कारण दिसते फार सुंदर. लसणात आम्ल कमी आणि तेलाखाली हवा नाही, म्हणजे बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूला हवं ते सगळं तिथे असतं, आणि त्याचं विष वासावरून किंवा चवीवरून ओळखू येईलच असं नाही. 1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे 36 जणांना बोट्युलिझम झाला होता. तेव्हा ताजा लसूण घातलेलं तेल फ्रिजमध्येच ठेवावं आणि चार दिवसांत संपवावं. वाळवलेले टोमॅटो कोरडेच ठेवावेत आणि लसूण डिप करायच्या दिवशीच घ्यावा.

कुणाला दूध चालत नसेल तर तेही विचारून घ्यावं, आणि विचारणं आमंत्रण देतानाच करावं, दारात नाही. अशांसाठी मी शिजवलेले पांढरे घेवडे वाटून घेते, त्यात ऑलिव्ह तेल आणि लिंबू जरा सढळ हातानं. हे डिप चीजच्या डिपची नक्कल वाटत नाही, त्याची चव स्वतंत्र आहे, आणि दूध चालणारेही तेच संपवतात असं पुष्कळदा होतं. ज्यांना दमा आहे त्यांच्यापैकी काहींना सल्फर डायऑक्साइडपासून बनणाऱ्या सल्फाइटचा त्रास होतो, म्हणून पाकिटावर सल्फर डायऑक्साइड लिहिलंय का ते पाहून फक्त मिठात वाळवलेले टोमॅटो आणलेले बरे.

ऊन नसेल तर ओव्हनमध्येही टोमॅटो वाळतात. 100 अंशांच्या आसपास, अर्धे चिरून, मीठ लावून, सहा-सात तास, ओव्हनचं दार जरासं किलकिलं. ते पूर्ण कोरडे होत नाहीत, मध्यभागी थोडा ओलावा राहतो आणि म्हणूनच ते आठवडाभरापेक्षा जास्त ठेवू नयेत, तेही फ्रिजमध्ये. डिपमध्ये त्यांची चव जास्त गोड आणि कमी खोल लागते. मुलं जास्त असतील तेव्हा मी मुद्दाम हेच घेते.

पाहुणे गेल्यावर कुणीतरी भांडी आवरायला मागे थांबतंच. फ्रिजमधलं न मांडलेलं डिप त्यांच्यासाठी असतं. भांडी होईपर्यंत एका बाजूला पास्ता शिजत लावायचा. गाळण्याआधी त्यातलं वाटीभर पाणी काढून ठेवायचं. गरम पास्त्यावर तीन-चार मोठे चमचे डिप आणि त्या पाण्याचा थोडा थोडा शिडकावा करत ढवळलं की पिठूळ पाण्यामुळे चीज फाटत नाही, सगळ्याला सारखं लागतं. आच बंदच ठेवायची. वर मिरी, उरलं असेल तर बेझिल, आणि बरणीतल्या तेलाचे चार थेंब. पातेल्यातूनच खाल्लं तरी चालतं.